भावाने बांधलेली पुडकी

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मला लकवा मारला. जीभ लवकर ताळ्यावर आली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर, असा राहिला. पुसदच्या घरी मी एकटीच. यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी आणि जावई पुण्याला. मुलीने स्वयंपाकाला बाई लावून दिली. डाव्या हाताने जेवायला शिकले, बँकेत डाव्या हाताची सही मान्य करून घेतली. वाटलं, निभेल.

दिवाळी जवळ आली तेव्हा कळलं, सगळंच निभणार नाही.

दिवाळीच्या भेटी बांधायचं काम कायम माझं. नोकरी सरकारी कचेरीत, आयुष्य फायलींना लाल फीत बांधण्यात गेलं. पण घरच्या भेटी बांधताना मी निराळी होत असे. खाकी कागद, लोकरीचा दोरा, नखाने दाबून पक्की केलेली घडी. नातीचा फ्रॉक असो की भावजयीचं पातळ, पुडकं बांधून होईस्तोवर मी जणू त्या माणसाजवळच बसलेली असायची. मनातल्या मनात त्याच्याशी चार गोष्टीही बोलून घ्यायची. वस्तू बाजारातून येते, पण देणं होतं ते बांधताना, असं मला वाटे.

मुलगी फोनवर म्हणाली की हल्ली सगळं बांधून घरपोच येतं, तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस. तिचं खोटं नव्हतं. मी ऑटो करून बाजारातल्या एका दुकानात गेले आणि एक वस्तू बांधून घेतली. दुकानातल्या बाईने चमचमता कागद ओढला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. काम चोख होतं. पण घरी आणून ते टेबलावर ठेवलं तर ते माझं वाटेना. कुणीतरी कुणालातरी दिलेलं, एवढंच.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःच बसले. खोलीत सतरंजी अंथरली, कागदावर कोपर ठेवलं, चिकटपट्टीचं टोक दातात धरलं. कागद निसटायचा, मी पुन्हा ओढायची. शेवटी चिकटपट्टी केसांत अडकली आणि मी तशीच बसून राहिले. नेमका त्याच वेळी धाकटा भाऊ दारात आला.

तो महागावकडे शेती करतो. सोयाबीनची मळणी चालू होती, यंत्राचा पट्टा तुटला म्हणून तो पुसदला आला होता. हातात सीताफळांची पिशवी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. आधी माझ्या केसांतली चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवली. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"सांग ताई, कुठून घडी घालू?"

मी म्हटलं, राहू दे, तुझा पट्टा राहील, दुकान बंद होईल. तो म्हणाला, दुकान कुठं जात नाही. मग मला एकदम भरून आलं. दवाखान्यात इतके दिवस हा उशाशी होता, तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी मात्र बोलून गेले की आता मी काहीच कामाची राहिले नाही.

तो कागद सरळ करत होता. मान वर न करता म्हणाला, "तू सांगून राह्यली म्हणून तं होऊन राह्यलं. मले का येते हे?"

आणि खरंच त्याला येत नव्हतं. सोयाबीनच्या शेंगांनी बोटं सोललेली, त्यांच्या चिरांत कागद अडकायचा. पहिला कागद टर्रकन फाटला. दुसरा उलटा कापला गेला. मी सांगायची, तो करायचा, चुकलं की दोघं हसायचो. कोपऱ्याची घडी काही केल्या जमेना, तेव्हा त्याने विचारलं की धान्याच्या कट्ट्याचं, पोत्याचं, तोंड शिवताना काढतो तसे दोन कान काढले तर चालतील का. मी म्हटलं, चालतील. मग नातीच्या फ्रॉकाला कान आले, भावजयीच्या पातळाला कान आले. सगळी पुडकी धान्याच्या छोट्या छोट्या कट्ट्यांसारखी भिंतीशी ओळीने बसली.

राहिला होता त्याचाच स्वेटर. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला त्याला अवेळी वावरात जावं लागतं, म्हणून जाड, पूर्ण बाह्यांचा, मरून रंगाचा घेतला होता. उशीखाली लपवून ठेवलेला. आता तो बांधणार कोण? मी मन घट्ट करून तो काढला आणि म्हटलं, हा जावयाचा.

त्याने स्वेटर हातात घेऊन उघडला, खांद्यांपाशी धरून पाहिला. आमचा जावई उंचापुरा, भाऊ अंगाने लहानखुरा.

"जावईबापू बारीक झाले का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो, पुण्याचं पाणी मानवत नाही त्यांना.

 त्याने स्वेटरच्या बाह्या आत दुमडल्या, हळूच हात फिरवला आणि बांधायला घेतला. याच पुडक्याला त्याने सगळ्यात जास्त वेळ लावला. नाव काय लिहू, असं विचारल्यावर मी म्हटलं, राहू दे, माझ्या ध्यानात राहील. मग तो उठला आणि पट्टा आणायला गेला.

भाऊबीजेला तो भावजयीला घेऊन आला. ओवाळायची मला धास्ती होती. एका डाव्या हाताने ताट तोलवेना, निरांजन कलायला लागलं. भावजयीने माझा उजवा हात उचलून ताटाखाली ठेवला आणि त्याच्याखाली आपला तळवा धरला. आम्ही दोघींनी मिळून त्याला ओवाळलं. मग मी ते पुडकं त्याच्या हातात दिलं.

त्याने स्वतःच मारलेली गाठ सावकाश सोडवली. कागद न फाडता उलगडला. स्वेटर मांडीवर घेतला. मग माझ्याकडे पाहत, चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाला, "मंग जावयाले काय देलं, ताई?"

मी हसले ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. भावजयीला काही कळेना. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती नवऱ्याकडे वळून म्हणाली की त्या दिवशी पुसदहून घरी आल्याआल्या तुम्ही मला म्हणाला होतात, ताईनं माझ्यासाठी स्वेटर घेऊन ठेवला आहे, मस्त जाड आहे. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

पुडकी पोचल्यावर पुण्याहून मुलीचा फोन आला. कान असलेली पुडकी कुणी बांधली, म्हणून विचारत होती. मामाने, असं मी सांगितलं. तेव्हा म्हणाली, तुझी नात आपलं पुडकं सोडू देत नाही, बाहुलीसारखं घेऊन फिरते आहे.

हिवाळाभर व्यायाम केला. बोटं थोडी हलू लागली, उचलायला नाही पण दाबायला. यंदाच्या दिवाळीआधी भाऊ बोलावण्याची वाट न पाहता आला, पुन्हा सतरंजी अंथरली. दोऱ्याची पहिली गाठ सैल पडत होती. त्याने माझा उजवा हात मांडीवरून उचलला, तर्जनी गाठीवर टेकवली आणि म्हणाला, "इथं दाबून धरजो."

मी दाबून धरलं. त्याने वरून दुसरी गाठ मारली, दोरा ओढायच्या आधी थांबला आणि म्हणाला, "आता काढ बोट."

मी बोट काढलं.