रामहरीनं काळ्या गाडीवर काच चढवली

लिव्ह छकुले, तुझ्या धाकल्या आबाचं लिव्ह. रामहरीचं. निमगाव केतकीपासनं बावड्यापतोर निम्म्या गाड्यांना ह्या माणसानं रंग दिला, ट्रॅक्टर म्हणू नगं, ट्रॉल्या म्हणू नगं, जीपा म्हणू नगं. आन त्येचं नाव एका बी गाडीवर न्हाय. "नाव मालकाचं असतंय वैनी," म्हणायचा, "आपला नुसता रंग."

मी लगीन होऊन आले तवा ह्यो सात वरसाचा हुता. माझा धाकला दीर. त्येची आय त्येच्या जल्मालाच गेलेली. आमचं घर तवा मेंढरांच्या मागं चालणारं, आज ह्या रानात तर उद्या त्या रानात. घोड्यावर भांडी, भांड्यावर कोंबड्यांचं डालगं आन त्येच्या शेजारी ह्यो बसलेला. पहिल्याच दिशी मला इचारतो, "तू भाकरी जाड करतीस का पातळ?" मी म्हणलं, "तव्यावर पडंल तशी." लई हसला. तवापासनं मीच त्येची आय.

तवाच त्येच्या हातात कायतरी हुतं बघ. डोळं मिटून मेंढराच्या पाठीवर हात फिरवायचा आन सांगायचा, ही लंगडीची लेक, ही मागल्या साली घेतलेली. तुझं आबा मुद्दाम मेंढरं अदलाबदल करायचं, तरी चुकायचा न्हाय.

मेंढरं इकली, दोन एकर घेतलं, तवा सोळा वरसाचा रामहरी बारामतीला एमआयडीसीपाशी एका पेंटरच्या शेडात लागला. तितं पत्र्याच्या खड्ड्यात लांबी, म्हंजी पुट्टी, भरायची, ती वाळली की घासायची, घासून घासून पत्र्याशी एक करायची. बाकीची पोरं वाकून वाकून, डोळं बारीक करून बघायची. ह्यो नुसता अंगठा फिरवायचा. "हितं केसाएवढं उंच हाय." पेंटर घासून बघायचा, तर खरंच असायचं. मंग आपल्या निमगावात मानसिंगतात्यांनी रस्त्याला शेड टाकलं आन त्येला हिकडं आणलं. तीस वर्सं तितंच. लांबून लांबून लोक यायचं आन म्हणायचं, रामहरीचा अंगठा फिरल्याबिगर गाडी न्यायची न्हाय.

लगीन झालं, पर पोरबाळ झालं न्हाय. कौसल्या करोनाच्या सालात गेली. तवापासनं आपल्यातच जेवतो, पडवीत झोपतो.

दोन वरसामागं असंल, एक दिस दाराच्या चौकटीला धडकला. मी म्हणलं, पिलास का काय? दुसऱ्या दिशी परत तितंच. पाण्याचा तांब्या द्यावा तर हात तांब्याच्या शेजारनं जायचा. मंग मीच धरून बारामतीला नेला दवाखान्यात. डॉक्टरीणबाई लई चांगली, मला बसवून सांगितलं. मावशी, मोतीबिंदू असता तर काढला असता. ह्यो काचबिंदू हाय. आतली नस सुकत चाललीया. गेली ती नजर काय परत यायची न्हाय, हाय ती थेंब टाकून जपायची.

भाईर आल्यावर ह्येनं च्या बी घेतला न्हाय. स्टँडावर मला म्हणला, "वैनी, ह्ये कुणाला सांगायचं न्हाय. पेंटरचं डोळं गेलं म्हणल्यावर गाडी कोण आणंल दारात?"

मी म्हणलं, "न्हाय सांगत."

आन भागलं बी, खरं सांगते. गाडी दिसायची त्येला, माणसं दिसायची, पर सगळं धुक्यातल्यावानी. बारीक म्हणून काय दिसायचं न्हाय. लांबीला अंगठा हुता. रंग काय, आता दुकानातनं नंबर सांगून मिसळूनच येतोय. फवारा मारायचा हात तीस वरसाचा. कुणाला कळलं न्हाय.

मंग मानसिंगतात्या वारलं. त्येंचा पोरगा विजयसिंह, वाईट न्हाय हां, रामहरीला काका काका करायचा. पर पोरगं नव्या इचाराचं. म्हणला, "काका, आता रंग कोण देतंय? नवी गाडी धडकली तर ती कंपनीतच जाती. आपण आता धुणं, पॉलिश आन कोटिंग करायचं. तुमी तेवढं कोटिंग हातात घ्या. न्हायतर मला पुण्याचा माणूस आणावा लागंल, आन दोघांचं काम काय हितं न्हाय."

रामहरी घरी आला आन ताटावर बसून राहिला. मी म्हणलं, "कोटिंग म्हंजी काय रं?"

"काच. पातळ काच चढवायची रंगावर. वरखडा पडू नये, उन्हानं रंग मरू नये म्हणून."

"मंग चढव की. तू काय काय न्हाय चढवलं आजवर?"

"अगं वैनी," म्हणला, "ती डोळ्यानं चढवायची असती."

मंग त्येनं सांगितलं. अत्तराच्या बाटलीएवढी बाटली असती. गादीच्या तुकड्यावर थेंब टाकायचं आन हातभर जागंत उभं आडवं फिरवायचं. वाईच थांबायचं. तितं रंग उमटतो, पाण्यावर डिझेल सांडल्यावर दिसतो तसा. त्यो उमटला की लगेच मऊ फडक्यानं पुसायचं. लवकर पुसलं तर काच बसत न्हाय, उशीर झाला तर डाग वाळून दगड हुतो. आन त्यो डाग हाताला लागत न्हाय. वर्ख असतो नुसता. बघूनच कळायचं.

"मंग तू काय म्हणलास विजयसिंहाला?"

"करतो म्हणलं."

पहिली गाडी आली ती बावड्याच्या इंद्रजितची. काळी. नवी कोरी, ही अशी उंच, आत चढायला पायरी. विजयसिंहाला ऐतवारी इंदापूरला साखरपुड्याला जायचं हुतं. म्हणला, काका, धुऊन, घासून तयार करून ठेवलीया, तुमी निवांत काच चढवा, सोमवारी सकाळी मालक न्यायला येतोय.

शनवारी सांजच्याला रामहरी माझ्याजवळ आला. "वैनी, उद्या दुपारी माझा डबा घेऊन ये. आन चष्मा घालून ये."

"डब्याला चष्मा कशाला?"

"डब्याला न्हाय. गाडीला."

मी गेले. शेडाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, धूळ येऊ नये म्हणून. आत दोन ट्यूबा. ह्यो हातात रबरी मोजं घालून उभा. मी म्हणलं, "अंगठा बी झाकलास व्हय रं?" तर म्हणला, "त्येचं आज काय काम न्हाय. आज तुझ्या चष्म्याचं काम हाय." माझ्या हातात मोबाईल दिला, बॅटरी लावून.

दारापासनं सुरू केलं. त्येनं थेंब फिरवलं, उभं, आडवं. मी बॅटरी धरली. पहिल्यांदा काय दिसंना. काळं ते काळंच. मंग एकदम, अगं बया, निळं हिरवं जांभळं, पत्र्यावर सरकत आलं.

"आलं रं आलं! मोराच्या पिसावानी!"

"मंग पुस म्हण की! मोराचं कौतुक घरी जाऊन कर!"

"पुस, पुस!"

पुसलं त्येनं. मी वाकून बघितलं. आरसा! त्यात माझा चष्मा दिसला, माझा कपाळावरचा डाग दिसला. "रामहरी, मी लई म्हातारी झाले रं," म्हणलं. तर म्हणतो, "ह्ये बघायला मला डोळं लागत न्हायती."

असं चाललं. "आलं?" "थांब." "आलं?" "थांब म्हणते न्हवं!" "आलं का?" "आता पुस." चार दारं झाली, बॉनेट झालं. मला बी नाद लागला. एका कोपऱ्यात राहिलं हुतं ते मीच हेरलं आन त्येच्याकडनं पुसून घेतलं. त्यो म्हणला, "वैनी, विजयसिंहाला सांगतो, पगार दोघांत वाट." लई दिसांनी हसला बघ. कौसल्या गेल्यापासनं मी त्येला असा हसताना बघितला न्हवता.

मंग टप राहिला, गाडीचं वरचं छत.

गाडी उंच. त्यो स्टुलावर चढला, हात लांब करून मधापतोर थेंब फिरवलं. मला म्हणला, "बॅटरी वर धर." मी धरली. पर छकुले, मला टपाची कडच दिसत हुती. दुसरं स्टूल हुतं, न्हाय असं न्हाय. माझं गुडघं! खाली बसलं तर उठाया लागतं कुणीतरी, मी स्टुलावर काय चढती? सांगायला पायजे हुतं. कडंला रंग उमटला तवा मी म्हणलं, "पुस." त्येनं पुसलं. दुसऱ्या बाजूनं बी तसंच केलं.

स्टुलावरनं उतरला, घामानं भिजलेला, आन इचारलं, "टप बघितला का?"

मी म्हणलं, "बघितला."

मला वाटलं, चार दारं चांगली झाली, बॉनेट चांगलं झालं, टप काय इगळा असणार हाय? आन त्येच्या तोंडावरचं हसू मला मोडवंना.

सोमवारी सकाळी मी बी गेले त्येच्यासंगं. मालक गाडी नेताना बघायचं हुतं मला. विजयसिंहानं गाडी भाईर उन्हात काढली. अगं, गाडीच्या दारात सारा रस्ता दिसत हुता. इंद्रजित म्हणला, "वा काका!" आन पायरीवर पाय देऊन वर चढला, टप बघाया.

त्येनं विजयसिंहाला हातानं वर बोलावलं.

विजयसिंह चढला. मंग म्हणला, "काका, टपावर ह्ये काय? मधी सगळं ढग ढग दिसतंय."

रामहरी स्टूल घेऊन आला. वर चढला. मोजं न्हवतं आता, अंगठा फिरवला. सगळ्या टपावर फिरवला. म्हणला, "गुळगुळीत हाय की."

"काका, गुळगुळीत हाय, पर डाग हायती."

"कुठं?"

"अवो, ह्ये काय. माझ्या बोटापुढं."

रामहरी त्या बोटाकडं बघत राहिला. उन्हात, वीतभर अंतरावरनं. परत म्हणला, "कुठं?"

मला ऱ्हावलं न्हाय. मी पुढं झाले. म्हणलं, "विजयसिंह, त्येला बोलू नगंस. चूक माझी हाय. टपाचं मीच बघितलं न्हाय."

विजयसिंह माझ्याकडं वळला. "म्हाळसाकाकू, तुमी कशाला बघत हुता?"

झालं. मी वाचवाया गेले आन मीच सांगून बसले. इंद्रजित मोबाईल काढून लांब जाऊन उभा राहिला. विजयसिंहानं रामहरीचा हात धरून त्येला स्टुलावरनं उतरवला, म्हाताऱ्या माणसाला उतरवत्यात तसा. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणला, "टप मी घासून घेतो काका. तुमी सावलीला बसा."

तीस वरसात त्या शेडात रामहरीला कुणी बसा म्हणलं न्हवतं.

आमी चालत घरी निघालो. निम्म्या वाटंत त्यो म्हणला, "टप बघितलाच न्हवतास न्हवं?"

"न्हाय."

"मंग बघितला का म्हणलीस?"

"तू हसत हुतास रं."

मंग म्हणला, "आन दारं? बॉनेट? ती बघितली हुतीस?"

"तुझी शपथ, बघितली हुती. आरशावानी झाली हुती."

"व्हय?" म्हणला. बस, एवढंच.

विजयसिंहानं पुण्याचा माणूस आणला. दोनदा निरोप धाडला, काका नुसतं येऊन बसा, गिऱ्हाइकांशी बोला. ह्यो जात न्हाय. डावा डोळा आता पार गेला. उजव्यानं दार कुठं हाय तेवढं कळतं. डॉक्टरीणबाई म्हणती, त्यो बी जाणार.

सगळं मीच सांगते त्येला. हितं पायरी हाय, हितं च्या ठेवलाय, भातात खडा न्हाय, मी निवडलाय. त्यो "व्हय" म्हणतो. आन तरी आदी पाय पुढं करून पायरी चाचपतो. भातात आदी बोट फिरवतो, सगळ्या ताटात, कडंपासनं मधापतोर, मंग घास घेतो. मी बघत बसते.