पाहुण्याच्या पाठीवरचा हात

आत्याचे हात कधी म्हणून स्वस्थ बसत नसत. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवून खोडच जडली होती. दिसेल ते नीट करायचं. गिऱ्हाइकाची कॉलर, परक्या घरातली उशी, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा स्थळ आलं होतं, तर हिने त्या गृहस्थाचा शर्ट खांद्यात ओढतोय म्हणून तिथल्या तिथे टाचण्या लावल्या म्हणे. गृहस्थ गेला तो गेलाच. खरंखोटं वरच्या मजल्यावरची वहिनी, म्हणजे आत्याची भावजय, जाणे, गोष्ट तिचीच.

अकरा वर्षांपूर्वी भाचा बोटीवर नोकरीला लागला आणि आपला काकाकुवा पंधरा दिवसांसाठी म्हणून आत्याच्या दुकानात ठेवून गेला. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, आणि चोच अशी की सकाळी दिलेल्या खुर्चीचा संध्याकाळी भुसा. पंधरा दिवस काही संपले नाहीत, म्हणून त्याचं नाव पाहुणा. हा जीव साठ-सत्तर वर्षं जगतो, हे भाच्याने फोनवर सांगितलं. तेही तिसऱ्या वर्षी! सुरुवातीला कापडावर पांढरी भुकटी दिसायची, तेव्हा आत्याने खुणा करायचा खडू तीनदा बदलला. भुकटी पाहुण्याच्या पिसांतून झडते, हे कळायला काळा कोट शिवायला टाकलेल्या एका बाईला भांडून जावं लागलं.

यंदा मात्र पाहुण्याने छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. बघता बघता सोललेल्या कोंबडीसारखा उघडा पडला. शिवाय सकाळ-संध्याकाळ असं किंचाळणं, की मशीनचा आवाज ऐकू येईना.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. आजार नव्हता. मग विचारलं, "तुम्ही याला हात कसा लावता?"

आत्याने दाखवलं. मानेपासून शेपटीपर्यंत, मखमलीवरून फिरवतात तसा, लवेच्या दिशेने. पाहुण्याने पंख ढिले सोडले आणि डोळे मिटले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आत्या, डोकं खाजवलं तर ती मैत्री. पाठीवरचा हात जोडीदाराचा. रानात हे थव्याने राहतात, जोडी जमली की सहसा मोडत नाहीत, झाडात ढोली शोधतात. तुम्ही दिवसातून वीसदा त्याला संसाराची आशा लावता आणि मशीनवर जाऊन बसता. तो जीव तळमळणार नाही तर काय?"

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "म्हणजे वन्सं, अकरा वर्षं संसार केलात आणि आम्हाला साधं जेवण नाही?"

"वहिनी, गप्प बसा."

"पाठीला हात बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनाभर बघू. त्याने कातडी फोडली, तर मात्र माझ्या ओळखीच्यांकडे द्यावा लागेल. तिथे मोठा पिंजरा आहे, मादीही आहे."

आता हात ठेवायचे कुठे? आत्याने अंगातल्या कपड्याला दोन खिसे शिवून घेतले. पाहुण्याला कुरतडायला रिकामी रिळं दिली, पुठ्ठे दिले, फळ्या दिल्या. तो पाच मिनिटांत फडशा पाडायचा आणि पुन्हा जाळीला पाठ लावून उभा राहायचा. आत्या अर्ध्या टाक्यावरून उठायची, पिंजऱ्यापर्यंत जायची, परत यायची. सुई बोटात गेली. एका गिऱ्हाइकाची उजवी बाही डावीकडे बसली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"सवत येणार म्हणून झोप उडाली वाटतं," वहिनीने डिवचलं.

आत्या हसली नाही. "जाऊ दे त्याला तिकडे. इथे त्याला आहे काय?"

"जाऊ दे म्हणता, आणि पिंजऱ्यासमोरून तर हलत नाही!"

सव्विसाव्या दिवशी सकाळी आत्या जिन्यातूनच ओरडली, "वहिनी! कोंब फुटलेत!"

उघड्या छातीवर पांढरे, टोकदार, काट्यांएवढे पिसांचे कोंब. वहिनीने चष्मा लावून मोजायला घेतले, बारानंतर चुकली. "राहिला बाई नवरोबा!" म्हणाली, आणि डोळे पुसत डॉक्टरीणबाईंना फोन करायला वर पळाली.

आत्याने पिंजरा उघडला. पाहुण्याने मान वाकवली. तिने एका बोटाने तुऱ्याखाली खाजवलं. तेवढ्याला परवानगी होती. लबाडाने एक पाऊल आडवं टाकलं आणि पाठ अलगद तिच्या तळव्याखाली सारली. पिसं उबदार होती. पंख ढिले पडले.

आत्याने हात काढून घेतला.

त्याने तिच्याकडे बघितलं, तुरा ताठ उभा केला आणि छप्पर उडेल असा किंचाळला.

"ओरड," ती म्हणाली. "ओरड बाबा. राहायचंय ना इथे?"

मग मशीनवर जाऊन तिने कालच पुरा केलेला झगा ओढला आणि हात गुंतवायला चांगली सरळ शिवण उसवायला घेतली.