निळ्या दोऱ्याचं ठिगळ

मला त्या चित्राची किळस आली, हे आधीच सांगून टाकते. मला चित्रं कळत नाहीत म्हणून नव्हे. त्यातलं सगळं शिवणकाम माझं होतं म्हणून.

आमच्या मसाकाकडच्या गावात मुयिंगो राहत. जुळ्यांचे बाप, म्हणून सगळे त्यांना सालोंगो म्हणत. पावसात मुतुबाच्या झाडाची साल सोलायची, उघड्या बुंध्याला केळीची पानं गुंडाळायची म्हणजे झाड मरत नाही, आणि ती साल मोगरीनं ठोकून ठोकून चादरीएवढी करायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. सालीत फांदीच्या जागी भोक राहतं. ती भोकं वीस वर्षं मी शिवली. माणूस जिभेचा तिखट. एकदा पाद्री म्हणाला, "हे सैतानाचं कापड." सालोंगो म्हणाले, "मग तुम्हाला कशात गुंडाळायचं ते सांगून ठेवा, पाद्रीबुवा." कारण आमच्यात माणूस पुरायचा तो सालीच्या कापडात गुंडाळूनच.

स्वतःसाठी त्यांनी एक कापड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. इंग्रजांनी आमच्या राजाला उचलून विलायतेला नेलं, तेव्हा लोकांनी बाजारचे कपडे टाकून सालीचं कापड नेसलं. सालोंगोंच्या आईनं राजा परत येईपर्यंत, दोन वर्षं, ते एकच नेसलं. चुलीची ठिणगी पडून त्याला भोक पडलं, तर लेकाच्या शाळेच्या सदऱ्यातून निळा दोरा उसवून तिनं ठिगळ लावलं.

"मला यातच गुंडाळायचं," दरवर्षी ते उन्हात घालताना सालोंगो मला बजावत. "आणि याला तुझा टाका लावू नकोस. आईचाच राहू दे."

मग राजधानीहून, कंपालाहून, आर्नल्ड आला. चित्रकार. गोडबोल्या. आल्या आल्या सालोंगोंना जाजा, म्हणजे आजोबा, आणि मला आत्या म्हणायला लागला. पेटीतलं कापड पाहून त्याचे डोळे लकाकले.

"जाजा, यात आपल्या सगळ्यांची आठवण आहे. दोन आठवडे द्या. बघून चित्र काढतो, परत आणून देतो."

"कूळ कुठलं रे तुझं?"

"पाणमांजर."

"अरे, मग तू माझा नातूच की!"

झालं. कूळ एक निघालं की आमची माणसं अक्कल गहाण टाकतात. त्यांनी त्याच्या आजोबाचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि कापड त्याच्या हातात गेलं. नातवाला 'नक्की कधी आणशील' विचारणं म्हणजे चोर म्हणण्यासारखं. मीही तोंड उघडलं नाही.

दोन आठवड्यांचे सहा महिने झाले. मध्येच आर्नल्डनं माझ्याकडे गोणीभर तुकडे पाठवले. डांबर फासलेले, वर जुन्या वर्तमानपत्रांचे कपटे चिकटवलेले. "आत्या, जोडून दे. टाके मोठे घाल, लांबून दिसले पाहिजेत." वासानं डोकं उठलं, पण मी जोडून दिले. डांबराखाली काय आहे ते खरवडून बघावं, एवढं माझ्या टाळक्यात आलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्हाला न्यायला गाडी आली. सालोंगो इस्त्रीचा पांढरा झगा घालून निघाले. कापड परत मिळणार होतं ना!

चित्र भिंतभर होतं. डांबर, वर्तमानपत्रं, गंजके खिळे, वरून लाल रंगाचे ओघळ. समोर वाइनचे ग्लास घेतलेले लोक माना तिरक्या करून उभे. "वेदना अगदी अंगावर येते," एक बाई म्हणाली आणि तिनं दुसरा समोसा उचलला. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'आपली आठवण. सापडलेल्या, अनामिक कापडावर.'

सालोंगोंनी चित्राच्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"ही आईची साल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि हा टाका तुझा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"कापलंस?" त्यांनी आर्नल्डला विचारलं.

"जाजा, ते आता तुमच्या एकट्याचं नाही राहिलं. सगळ्या देशाचं झालं."

"देशाला माझ्या आईचं नेसायचंय का? ठिगळ कुठाय?"

"ते... असेल कुठंतरी. उरलंसुरलं."

सालोंगो रिकाम्या हातांनी गावी परतले. पुढचा पाऊस आला, पण त्यांनी एकही झाड सोललं नाही. त्याच पावसात ते गेले.

गावानं पस्तीस कापडं आणली. त्यांना हवं होतं ते एक सोडून सगळी होती. चार वाजता पुरायचं ठरलं, आणि तीनच्या सुमाराला आर्नल्ड आला. काळा चष्मा आणि अंगात सालीच्या कापडाचं जाकीट. "मेल्याला लाज तरी!" बायका कुजबुजल्या. "मढ्याचं कापड बटणं लावून घालून आलाय!"

हल्ली पुष्कळजण कापडाऐवजी पैशांचं पाकीट देतात. त्यानंही पुढे केलं. "आत्या, माझ्याकडून." मी हात पुढे केला आणि नजर त्याच्या छातीवरच्या खिशाकडे गेली. खिसा कसला, ते ठिगळ होतं. कडेनं निळा दोरा.

मी हात मागे घेतला.

"काढ," मी म्हटलं.

"काय काढू?"

"अंगातलं."

"आत्या, लोक बघतायत..."

"बघू देत. तुझ्या आजोबाला उघडं पाठवू का?"

त्यानं काढलं. मी सालोंगोंच्या उशाशी बसून ते उसवायला घेतलं. बटणं तोडून अंगणात फेकली, त्यांच्यावर कोंबड्या धावल्या. बाह्या सोडवल्या. गुळगुळीत अस्तर टरकावून काढलं. शिंप्याचा एक टाका ठेवला नाही आणि निळ्या टाक्याला हात लावला नाही. उरलं ते जेमतेम छाती झाकेल एवढं. पस्तीस कापडांच्या आत, अगदी अंगाला लागून, मी ते त्यांच्यावर पसरलं.

मान वर केली, तर आर्नल्ड बनियनवर उभा. मोबाइल माझ्याकडे रोखलेला, आणि डोळे त्या पहिल्या दिवसासारखेच लकाकत होते.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "ते ठिगळ पुन्हा एकदा ठेवतेस? नीट आलं नाही."