कुणाच्या अन्नाची कातडी

"शर्ट काढ."

भाऊ जेवता जेवता म्हणाले. भाऊ म्हणजे आमचे छोटे मालक. रावेरजवळच्या त्यांच्या केळीच्या बागेत भरीत-पुरीची पार्टी होती. हिवाळा होता. जळगावहून आलेले पाहुणे सतरंज्यांवर बसले होते. मी बादली घेऊन पाणी वाढत होतो. मला वाटलं, शर्टाला काही लागलं असेल.

"अरे काढ ना पैलवान. पाहुण्यांना दाखव."

मी काढला.

आत पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधलेला होता. तोही सोडायला लावला. सोडल्याबरोबर कातडी खाली आली. थेट मांडीवर. रिकामं पोतं लोंबतं तशी. दंडाची लोंबत होती, छातीची लोंबत होती. भाऊंनी एक पिकलं केळं तोडलं, माझ्या पोटाची घडी उचलली आणि केळं आत सरकवलं.

"आता हात वर कर."

मी हात वर केले. केळं पडलं नाही. मग त्यांनी दुसरं ठेवलं. पाहुणे लोटपोट झाले. एकाला ठसका लागला, त्याला मीच पाणी दिलं. तसाच, उघडा.

आणि मीही हसलो.

पलीकडे चुलीवर माझी बायको पुऱ्या तळत होती. तिचा झारा कढईत थांबलेला मला दिसला.

पाहुण्यांत जळगावचे एक डॉक्टर होते. ते उठून आले. माझी कातडी त्यांनी दोन बोटांत धरली, ओढली, सोडली. माझ्याशी बोलले नाहीत. भाऊंना म्हणाले, "हे कापून टाकता येतं. मोठं ऑपरेशन आहे, पण होतं."

"मग टाका कापून," भाऊ म्हणाले. "खर्च माझा. आपलाच माणूस आहे."

सगळ्यांनी वा वा केलं.

संध्याकाळी आम्ही दोघं बांधावरून घरी चाललो होतो. बायको पुढे, मी मागे. मागे न वळता तिने विचारलं, "तुमी काहून हासले?"

मी पोटाचा पट्टा आवळला आणि चालत राहिलो.

ही कातडी आली कुठून, ते सांगायला हवं.

माझा बाप या मालकाकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबायचा. मी लहान असतानाच गेला. माय त्यांच्याच बागेत निंदणीला जायची आणि त्यांच्या घरी भांडी घासायची. मी भुकेला पोरगा. एका आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मोठ्या मालकांनी, म्हणजे भाऊंच्या वडिलांनी, नानांनी, मला ओट्यावर बसवलं. लेकी-जावई आले होते. आमरस होता, पुरणाचे मांडे होते. नाना म्हणाले, "पाहू रे, किती खातो." मी खात गेलो. मला थांबताच येत नव्हतं. एवढं गोड मी कधी पाहिलं नव्हतं. जावयांनी आपसात पैज लावली. टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचा तमाशा झालो. पाहुणे आले की बोलावणं. केळीचे व्यापारी आले की बोलावणं. पुढे मला फाटकावर राखण करायला बसवलं. बसायचं आणि हाक आली की खायचं. अंग वाढत गेलं. मला 'पैलवान' नाव पडलं. भाऊ माझ्याच वयाचे. ते मित्रांना घेऊन यायचे आणि मला जिलेब्या खाऊन दाखवायला लावायचे.

माय मागच्या मोरीवर भांडी घासत असायची. तिला हसणं ऐकू जायचं. घरी ती कोरडी भाकर आणि ठेचा खायची. मी एकदा मालकीणबाईंना विचारलं, एक मांडा मायसाठी नेऊ का.

"इठीच बसून खाय," त्या म्हणाल्या. "घरी नेला तं आमी काय पाहू?"

हे मी मायला सांगितलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "खाय बा. तुह्यं तं पोट भरते ना."

ती खोकत होती. वाळत होती. मी फुगत होतो. एकाच घरातली दोन माणसं.

माय गेली तेव्हा उन्हाळा होता. अग्नीचं मडकं धरून मी पुढे चाललो आणि गावाबाहेर येईपर्यंत माझा दम संपला. मी रस्त्यात खाली बसलो. मागे तिरडी थांबली. माणसं ती खांद्यावर घेऊन उन्हात उभी, माझा श्वास परत येण्याची वाट पाहत. एक म्हातारा खांदेकरी म्हणाला, "थांबू द्या त्याले. हिचं काही वजनच नाही."

ते वाक्य मला आजही झोपेत ऐकू येतं.

त्यानंतर मी त्यांच्या ओट्यावर बसलो नाही. नानांना सांगितलं, मला बागेत काम द्या. ते हसले, पण दिलं. मी केळीचे घड वाहायला लागलो. बागेतून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरपर्यंत. पहिले काही महिने पडत होतो. लोक मजा बघत. मग पडणं थांबलं. माय खायची तेवढंच खायचो, भाकर आणि ठेचा. काही वर्षांत अंग उतरलं. लग्न झालं. बायकोही त्यांच्याच बागेत कामाला. अंग गेलं, पण त्याचं गाठोडं मागे राहिलं. घडीत घाम साचायचा, जखमा व्हायच्या, वास यायचा. उन्हाळ्यात तर आग. मायच्या लुगड्याचा पट्टा बांधून मी घड उचलायचो.

म्हणून सांगतो, मला ऑपरेशन पाहिजे होतं. मनापासून पाहिजे होतं. बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "जा. तुमाले दुखते ते मले माहीत हाये. पन त्यायच्यासमोर आता हासू नका."

भाऊंच्या जीपमध्ये बसून मी जळगावला गेलो. डॉक्टरांनी मला टेबलासमोर उभं केलं. कपडे काढायला लावले. भाऊ खुर्चीवर बसून होते. सोबत त्यांचा एक मित्र, पार्टीला येऊ न शकलेला. त्याला दाखवायलाच आणला होता. डॉक्टर पेनाने माझ्या पोटावर रेषा ओढत होते. इथून कापायचं, इथपर्यंत. मी छताकडे बघत होतो.

भाऊ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कापल्यावर फेकू नका बरं. आमच्याच अन्नाची कातडी आहे ती. आम्हीच पोसली."

मित्र हसला. डॉक्टरही हसले. पेन माझ्या पोटावर हललं.

मला माय दिसली. मोरीवर बसलेली, राखेने भरलेले हात. केळीच्या बागेत वाकलेली पाठ. तिने निंदलेल्या बागेच्या पैशावर त्या घरात पुरण शिजत होतं. तिच्या ताटात आलं नाही ते माझ्या ताटात टाकलं आणि वर त्याला 'आमचं अन्न' म्हणत होते.

मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही बाहेर जा."

"काय?"

"बाहेर जा. नाहीतर मी जातो."

तो उठला नाही. इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करत नाही. तो म्हणाला, "माज आला का रे?" मी कपडे घातले. त्या दिवशी माझ्या तोंडावर हसू नव्हतं. चालत एस.टी. स्टँडवर आलो. घरी पोचेपर्यंत घामाने पेनाच्या रेषा फिसकटून सगळं पोट निळं झालं होतं. बायकोने ओल्या फडक्याने ते पुसलं. पुसता पुसता रडली.

काम गेलं. दोघांचंही. राहायची खोली त्यांची होती, तीही गेली. आम्ही धुळ्याला आलो. बायकोचा भाऊ तिथल्या मार्केटात हमाल होता, त्याने मला टोळीत घेतलं. मी कांद्याच्या गोण्या उचलू लागलो. तिथेच आम्हाला पोरगी झाली.

गेल्या उन्हाळ्यात जखम चिघळली. मी गोणीसकट खाली बसलो. टोळीतल्या एका म्हाताऱ्या हमालाने कपाळाला हात लावला. "तुना आंगमा ताप शे रे भाऊ," तो म्हणाला. "चाल, दवाखानामा जाऊत." त्यानेच मला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी पडदा ओढला. मग विचारलं, "मी बघू का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मी तिथे रडलो. मोठ्याने. ती थांबून राहिली.

जखम बरी झाल्यावर तिने सगळं समजावून सांगितलं. पोटाचं लोंबणारं कापता येईल, दंडाचं आणि छातीचं राहील. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण पडेल. रक्त जाईल, धोका आहे. काही महिने ओझं उचलायचं नाही. पुढे पहिल्यासारखं उचलता येईल, याची खात्री नाही.

बायको तयार नाही. ती म्हणते, "तुमाले काही झालं तं पोरीले घिसन मी कुठी जाऊ?" तिचं खरं आहे. मी गोण्या उचलतो म्हणून चूल पेटते. रात्री पोरगी माझ्या पोटावर झोपते, त्या मऊ लोंबत्या कातडीवर, आणि तिला काही घाण वाटत नाही. तेव्हा वाटतं, राहू द्यावं. मायच्या वाट्याचंच हे माझ्या अंगावर राहिलं आहे, ते कापून मी कुठल्या बादलीत टाकू? कितीदा तरी असं वाटून मी दवाखान्याच्या दारातून परत आलो.

पण मायने मला पोट भरायला सांगितलं होतं. जखमा वाहायला सांगितलं नव्हतं.

मी कापून घेणार आहे. येत्या हिवाळ्यात. मी ठरवलं म्हणून. भाऊ किंवा त्याचा डॉक्टर म्हणाला म्हणून नाही. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं आहे, कामाशिवाय एकही माणूस त्या खोलीत उभा राहणार नाही. ऑपरेशनमध्ये मेलो तर मेलो, पण मला उघडं करायचं की नाही, ते मी सांगेन.

हमाली सुटली तर दुसरं काम बघीन. फाटकावर बसणार नाही.

आणि उद्या माझ्या पोरीला कुणी दहा माणसांत बसवून म्हणालं, 'पाहू, किती खाते', तर ते ताट मी तिथल्या तिथे पालथं घालीन. ताट कुणाचं आहे, हे विचारणार नाही.