ज्या तोतयाला मी सॅल्यूट ठोकला

ती घटना आठवते ती एका सॅल्यूटमुळे. सॅल्यूट मी ठोकला होता, भर सभेत, किनवटकडच्या एका जंगलातल्या गावी. ज्याला ठोकला त्यालाच सहाएक महिन्यांनी लातूरच्या बाजारातून दंडाला धरून आणलं. तेही मीच.

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की पेन्शन आणि नातवंडं डोळ्यांपुढे येतात. माझं तसं नाही. मी फौजदार होतो, दहा वर्षांत राजीनामा दिला, आणि आज आश्रमशाळांच्या प्रश्नावर पत्रकं छापून वाटतो. त्यामुळे भाषाही पत्रकाचीच आहे. गोड लागणार नाही.

तर हिरो. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. चाळीस वर्षं तो पडद्यावर होता. सुरुवातीला पहिल्याच रिळात मरणारा शिपाई, मग व्यवस्थेशी भांडणारा तरुण. शूटिंगमध्ये घोड्यावरून पडला, गुडघा गेला, आणि लंगडत केलेला सिनेमाच सगळ्यांत जास्त चालला. तेव्हापासून ती लंगडी चाल म्हणजेच हिरो. पुढे पडता काळ आला, मग बापाची कामं, मग टीव्ही. सगळीकडून उरला तेव्हा राजकारणात आला. एका पक्षातून दुसऱ्यात गेला आणि आमच्या भागात उमेदवार म्हणून उतरला. आमच्या भागाशी त्याचा संबंध काय? शून्य. पण पक्षाला चेहरा पाहिजे होता, आणि चेहरा बघायला गर्दी जमते हे आपलं सगळ्यांचं पाप आहे.

त्या गावच्या सभेला बंदोबस्त माझ्याकडे होता. उमेदवाराला सॅल्यूट ठोकायचा नसतो, हे मला पाठ होतं. पण गाडी थांबली, मी दार उघडलं, आणि लहानपणापासून ज्याला पडद्यावर पाहिलं तो माणूस काळा कोट, पांढरी दाढी, तीच लंगडी चाल घेऊन उतरला. हात आपोआप वर गेला. त्यानंही मान किंचित तिरपी करून, अगदी सिनेमातल्यासारखा हात हलवला. शिपाई आठवडाभर मला चिडवत होते, "साहेब, हात धुतला का न्हाई अजून?"

सभा चांगली चालली होती. मध्येच एक बाई उभी राहिली. मुलींच्या निवासी वसतिगृहातली स्वयंपाकीण.

"दादा, आमच्या पोरी तापानं फणफणल्या तर झोळीत घालून सडकंपर्यंत न्याव्या लागतात. गेल्या साली एक पोर झोळीतच गेली. आमाला एक गाडी द्या. बाकी काय बी नगं."

पक्षाचे लोक तिला खाली बसवायला धावले. हिरोनं हात वर करून थांबवलं. माईक खाली ठेवला आणि म्हणाला, "बहेन, गाडी येईल. माझा शब्द आहे."

बायका रडल्या. आता लाज वाटते सांगायला, पण माझेही डोळे भरले होते.

हिरो निवडून आला. गाडी आली नाही. पाच महिने वाट पाहून ती बाई आणि गावातली चार माणसं नांदेडच्या पक्ष कार्यालयात गेली. मोबाईलमधले फोटो दाखवले. कार्यालयानं सांगितलं, हिरोसाहेब त्या गावी कधी गेलेच नाहीत. बाई हटेना. बातमी पेपरात आली. दुसऱ्याच दिवशी पक्षाच्या तालुकाप्रमुखानं आमच्या ठाण्यात फिर्याद दिली: कोणी अज्ञात इसमाने हिरोसाहेबांचे सोंग घेऊन गावकऱ्यांची फसवणूक केली. फिर्याद ठाणे अंमलदारानं लिहून घेतली, तपास माझ्याकडे आला.

मला राग आला. आपण तोतयाला सॅल्यूट ठोकला, या गोष्टीचा. आणि त्या रागालाच मी तपास समजलो. नवख्या अधिकाऱ्यांनो, हे लिहून ठेवा.

खबर फार लवकर लागली. लातूरला ऑर्केस्ट्रात निवेदन करणारा एक जण माझा जुना खबरी होता. त्याचा फोन आला.

"साहेब, तुमचा हिरो गंजगोलाईत ब्लाऊज शिवून राहिलाय."

"नीट बोल."

"नीटच बोलून राहिलो. टेलर हाय. तीस साल झाले, लग्नात, उर्सात, गणपतीत हिरोचा डुप्लिकेट म्हणून नाचतो. सगळं लातूर ओळखतं त्याला. तुम्हीच तेवढे राहिले होते."

दुकान दहा बाय आठचं. भिंतीवर हिरोच्या प्रत्येक वयाचा फोटो, आणि खाली मशीनवर तो वाकलेला. मान वर केली आणि मला क्षणभर परत सॅल्यूट ठोकावासा वाटला, इतका तोच. बाजारातले लोक त्याला मास्तर म्हणत. मी म्हणालो, "उठ, चल."

तो उठला. मशीनवरचा ब्लाऊज नीट घडी घालून ठेवला आणि शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, "भाई, काकू आल्या तर सांगा, उद्या देतो." उद्या!

चौकशीत माणसं दोन प्रकारची असतात. एक स्वतःला वाचवायला बोलतात, दुसरी दुसऱ्याला अडकवायला. हा तिसराच निघाला. स्वतःबद्दल विचारलं की हिरोबद्दल बोलायचा.

"कधीपासून करतोस हे धंदे?"

"हिरोसाब घोड्यावरून पडले तेव्हापासून. पेपरात आलं, तीन महिने चालता येणार न्हाई. मी बी तीन महिने लंगडलो. बायको म्हणे, तुमाला काय धाड भरली? मी म्हणलो, त्यांचं दुखतंय तिकडं, इथं आपण तुरुतुरु चालावं काय?"

आमचे म्हातारे हवालदार तोंड फिरवून हसले.

"पडत्या काळात काय केलंस?" मी टोमणा मारला.

"तेव्हा तर जास्तच केलं साहेब. लोक म्हणायचे, मास्तर, दुसरा हिरो धरा, ह्याचे सिनेमे पडून राहिलेत. बाप म्हातारा झाला तर दुसरा धरतात का कोणी?"

"त्या गावी कोणी नेलं?"

तो बाहीवरचा दोरा काढत बसला.

"बाईला शब्द कोणी द्यायला सांगितला?"

"कोणी न्हाई. मला म्हणले होते, उतरायचं, हात हलवायचा, चार वाक्यं बोलायची, बसायचं. पण ती बाई उभी राहिली ना साहेब. आमचा हिरो कधी बाईला न्हाई म्हणलाय? एका तरी पिक्चरात? मी न्हाई म्हणलो असतो तर ती हिरोसाबची बदनामी झाली असती."

"म्हणले होते? कोण म्हणले होते?"

तो परत बाहीवर दोरा शोधायला लागला. मी टेबलावर हात आपटला. तेव्हा तो पहिल्यांदा थोडा चिडला.

"साहेब, माझ्याशेजारून कोण उतरलं ते मला काय विचारता? गाडीचं दार तुमीच उघडलं होतं."

मी उठून बाहेर आलो. डोकं खाजवून पाहिलं. मला कोट आठवत होता, दाढी आठवत होती. मागून कोण उतरलं, काही आठवत नव्हतं.

पण पोलीस ठाण्याला स्वतःची आठवण असते, तिला स्टेशन डायरी म्हणतात. बंदोबस्तावरून परतलं की नोंद करायची: किती वाजता कोण आलं, गाडीचा नंबर, सोबत कोण, सभा शांततेत पार पडली. त्या दिवशी नावं हवालदारांनी सांगितली होती आणि मी सवयीनं लिहिली होती. पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: उमेदवार आले, सोबत पक्षाचे तालुकाप्रमुख.

तालुकाप्रमुख. म्हणजे आमचा फिर्यादी. ज्यानं अज्ञात इसमाविरुद्ध फिर्याद दिली, तो त्याच इसमाच्या मांडीला मांडी लावून त्याच गाडीतून आला होता. सभेच्या परवानगीच्या अर्जावर सहीही त्याचीच होती. केस उलटी झाली होती. आरोपी साक्षीदार व्हायला हवा होता आणि फिर्यादी आरोपी.

मी उड्या मारत हिरोचा जबाब घ्यायला नांदेडच्या विश्रामगृहावर गेलो. हिरो खुर्चीत बसला होता, गुडघ्यावर शेकायची पिशवी. जवळून फार थकलेला दिसत होता. मी मास्तरचा फोटो पुढे ठेवला. त्यानं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"कोट कोणी शिवलाय?"

"त्यानंच. टेलर आहे."

"खांद्याला काय बसलाय! माझ्या ड्रेसवाल्याला हे कधी जमलं नाही." मग फोटो खाली ठेवून म्हणाला, "त्या दिवशी गुडघा धरला होता. अर्धापूरलाच झोपून राहिलो. ही मंडळी म्हणाली, आम्ही बघतो. काय बघणार ते मी विचारलं नाही."

"सर," त्याचा सचिव मध्ये पडला, "एवढंच लिहून घ्या की सर त्या गावी गेले नव्हते."

हिरोनं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "हो. तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. हिरोनं सही केली. हेही मीच केलं, दुसऱ्या कोणी नाही.

मग ओळख परेड. ती दंडाधिकाऱ्यांसमोर होते, तपास अधिकाऱ्यानं तिथं थांबायचं नसतं. आरोपीसारखी दिसणारी आणखी सहा माणसं उभी करायची असतात. आता हिरोसारखी सहा माणसं आणायची कुठून? पांढऱ्या दाढीचे मिळाले ते उभे केले. त्यात एक निवृत्त शिक्षक होते, ते फार खूश होते म्हणे.

परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांनी नंतर चहा पिताना मला सांगितलं. स्वयंपाकीण सरळ मास्तरपाशी गेली, खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "ह्योच."

"यानेच तुम्हाला फसवलं?"

"फसवलं न्हाई. ह्यो आला तरी. त्यो टीव्हीतला तर आला बी न्हाई."

"मग पंचनाम्यात ते लिहिलंत का?" मी विचारलं.

"कसं लिहिणार? साक्षीदाराने आरोपीस ओळखले, एवढाच रकाना आहे."

डायरीचं पान घेऊन मी आमच्या निरीक्षकांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"हे कोर्टात गेलं तर साक्षीला कोण उभा राहणार? तू. उलटतपासणीत पहिला प्रश्न काय येईल? उमेदवार आले असं लिहिलंय, मग तो उमेदवार होता की तोतया? ओळखला नाहीत? उलट सॅल्यूट ठोकलात? बघ बाबा. दोषारोपपत्राला जोडायचं असेल तर जोड. मी अडवत नाही."

अडवलं नाही त्यांनी. अडवलं असतं तर आज शिव्या द्यायला कोणीतरी मिळालं असतं.

मी कोठडीत गेलो. जामीनपात्र गुन्हा होता, पण तिसरा दिवस उजाडला तरी जामीनदार आला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला अहोजाहो केलं.

"मास्तर, तुम्ही सुटता. वकील घ्या, कोर्टात सांगा तालुकाप्रमुखानं नेलं. मी डायरी पुढे आणतो."

"मग हिरोसाबचं नाव येईल?"

"येणारच. त्यांना माहीत होतं."

त्यानं विचारलं, "त्यांनी माझा फोटो पाहिला?"

मी खोटं बोलायला पाहिजे होतं. नाही पाहिला, असं म्हणायला पाहिजे होतं. पण मला दया आली, आणि मी खरं सांगितलं. "पाहिला. म्हणाले, कोट खांद्याला काय बसलाय."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मी तो आजही डोळ्यांपुढून घालवू शकलेलो नाही. "असं म्हणले? खांद्याला?" त्यानं स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवला. "मग साहेब, ते डायरीचं राहू द्या. मी कबूल करतो."

"मास्तर, कायमचा डाग लागेल. तोतया म्हणून."

"तीस साल झाले, दुसरं काय होतो मी?"

मी हट्ट धरू शकलो असतो. त्यानं नको म्हटलं तरी ते पान दोषारोपपत्राला जोडणं हे माझं काम होतं, त्याची परवानगी लागत नव्हती. मी जोडलं नाही. त्याच्या 'नको'आड मी माझा सॅल्यूट लपवला. त्यानं गुन्हा कबूल केला. दंड झाला, कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा झाली, आणि पुन्हा हिरोची नक्कल करणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं. तालुकाप्रमुख पुढे जिल्ह्याचा पदाधिकारी झाला. माझ्या फाईलवर उत्तम तपासाचा शेरा आला. मी त्या दिवशी राजीनामा दिला नाही. आणखी चौदा महिने पगार घेतला. हेही लिहितो, कारण नाहीतर तुम्ही मला चांगला माणूस समजाल.

या केसनं काय शिकवलं? एकच कामाची गोष्ट. मोठ्या माणसाच्या गाडीचं दार उघडलं की पुढे उतरणाऱ्याकडे बघू नका. त्याच्याकडे सगळं जग बघत असतं. त्याच्याशेजारून जो हळूच उतरतो आणि गर्दीत मिसळतो, त्याला बघा. आपल्याला ते कधी जमलं नाही. मला नाही, गावाला नाही, तुम्हालाही नाही. पुढच्या निवडणुकीतही जमणार नाही, हे मी पत्रकं वाटता वाटता रोज बघतोय.

नोकरी सोडल्यावर मी लातूरला त्याच्या दुकानात गेलो. भिंतीवरचे फोटो काढलेले, तिथं चौकोनी डाग उरलेले. दाढी काढलेली, केस बारीक केलेले. मला ओळखू आला नाही. मग तो उठून स्टूल द्यायला आला आणि ओळखलं. चाल तीच होती.

"चाल काय जाईना साहेब," तो ओशाळून म्हणाला. "लई प्रयत्न केला. आता खरंच गुडघा गेलाय का सवय हाय, माझं मलाच कळंना. कोर्टात सांगू नका."

मी म्हणालो, "मास्तर, मी आता पोलीस नाही."

त्यानं चहा मागवला. पिऊन झाल्यावर विचारलं, "त्या बाईच्या पोरींना गाडी आली का हो?"

"नाही."

त्यानं कप खाली ठेवला, मशीनवर जाऊन बसला, सुईत दोरा ओवायला लागला. दोनदा चुकला.

"मग मी फसवलंच की साहेब," तो म्हणाला. "कबूल केलं ते बरोबरच केलं."