दोन व्हर्जनची उत्तरं

महनूरच्या बापाचं, रज्जाकचं, मोताळ्याला फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. दुरुस्त केलेला पंप तो साधं पाणी भरून, स्वतः चालवून बघितल्याशिवाय कुणाच्या हाती देत नाही. बुलढाण्याहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन महनूर मलकापूरला गोपालच्या ऑफिसात लागली आणि प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट लिहायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा ते तिला परकं वाटलं नाही.

गोपालचं ऑफिस कापूसवाल्यांच्या मोबाईलवर फवारणीचा सल्ला पाठवायचं. कृषीतज्ज्ञ एक तक्ता धाडत; एका बाजूला औषधाचं नाव, दुसऱ्या बाजूला लिटरमागचं प्रमाण. तो टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायचा. महनूरने त्या एडिटरला जोडलेला छोटा प्रोग्राम तक्त्यातले रकाने ठरलेल्या जागी कापून मेसेज तयार करायचा. ऑफिसातल्या काही मशिनींवर एडिटरचं जुनं व्हर्जन होतं, काहींवर नवं. म्हणून प्रत्येक टेस्ट दोन्हीकडे चालवायची आणि उत्तर सारखं आलं पाहिजे, असा तिचा नियम होता. उत्तर जुळलं की हिरवं, चुकलं की लाल.

पण नवं व्हर्जन जागा सोडण्यात, ओळी मोडण्यात फार नखरे करायचं. कुठे एक रिकामी ओळ जास्त, कुठे शेवटची जागा गायब. अशाने सकाळ-संध्याकाळ लाल दिसायचं. त्यावर ऑफिसात एक रीत पडली होती. नव्या व्हर्जनसाठी अपेक्षित उत्तर वेगळं लिहून ठेवायचं. जुन्याचं हे बरोबर, नव्याचं ते बरोबर. मग दोन्हीकडे हिरवं.

यंदा बीटीचं बियाणं पेरूनही बोंडं गुलाबी अळीने पोखरली. जो तो पंप पाठीवर घेऊन रानात. अशात गोपालने सगळ्या मशिनी नव्या व्हर्जनवर न्यायचं ठरवलं.

"लाल पडलंय दादा, लय ठिकाणी," महनूर म्हणाली.

"मंग नेहमीसारखं कर ना. अळी का तुह्यासाठी थांबून राह्यली?"

"एकेक पाहावं लागन."

"पाह्य वं, पण संध्याकाळलोक हिरवं दे मले. लोकं फोन करू करू जीव खाऊन राह्यले."

तिने वरच्या काही टेस्ट उघडून पाहिल्या. रिकाम्या ओळी, उरलेल्या जागा, सगळं तेच. खालच्या तिने उघडल्याच नाहीत. नवं व्हर्जन जे उत्तर देतं तेच बरोबर मान, अशी एकच आज्ञा दिली. पडदा हिरवागार झाला. गोपालने चहा मागवला.

पुढच्या सुट्टीला ती दुकानात बापाजवळ बसली होती. पुंजाजी आला. खालच्या शिवारात त्याचा कापूस. पंप नेहमी रज्जाककडेच आणायचा. आज त्याच्या हातात नुसतं नोझल होतं.

"रज्जाकभाऊ, हे पाहा बरं. औषध लय जाऊन राह्यलं. डबा पुरतच नाही."

रज्जाकने नोझल फुंकून पाहिलं. "नोझल चांगलं हाय. तूच जास्त टाकून राह्यला असशीन."

"मी काऊन टाकू? मोबाईलवर जेवढं आलं तेवढंच टाकतो. वासानं डोस्कं धरते, पण म्हटलं, अळीच अशी निबर झाली तं औषधही तसंच सांगतीन."

"काकाजी, मेसेज दाखवा बरं मले," महनूर म्हणाली.

लिटरमागे ५ मिली. तिने परत वाचलं. तक्त्यात ०.५ असणार, हे तिला तक्ता न बघताही कळलं. टॅब दाबल्यावर जुनं व्हर्जन सोडायचं तेवढी जागा नवं सोडत नव्हतं. लांब नावाच्या ओळी जागेवर राहिल्या असतील. आखूड नावाची ओळ डावीकडे सरकली असेल, आणि कापताना आकड्याचं पुढचं शून्य टिंबासकट गळून पडलं असेल. टेस्टने लाल होऊन तेच सांगितलं होतं. ते उत्तर बरोबर, असं तिने लिहून दिलं होतं.

"काकाजी, आज वावरात कोण हाय?"

"घरवाली हाय ना, चांगुणा. दुसरं नोझल लावून फवारून राह्यली. काऊन वं पोरी?"

महनूरने गोपालला फोन लावला. "दादा, प्रमाण दहापट गेलं. आत्ता सगळ्यायले थांबवा म्हणून मेसेज टाका."

तो म्हणाला, "टेस्ट तं हिरव्या होत्या ना?"

"मीच केल्या हिरव्या. टाका मेसेज."

पुंजाजीने तोवर गाडी सुरू केली होती. ती मागे बसली.

रानात चिटपाखरू ओरडत नव्हतं. कापूस डोक्याच्या वर गेलेला, आत माणूस दिसत नव्हता. फक्त एका जागी झाडांवर फवाऱ्याची पांढरी वाफ तरंगत होती आणि पंपाची घरघर येत होती. पुंजाजीने हाका मारल्या. मग घरघर बंद पडली.

चांगुणा ओळीतून बाहेर आली ती पदराने डोळे चोळत. पाठीवरचा पंप तिला उतरवता येईना. बोटांना पट्टे सापडेनात.

"काय झालं हो? तुमचा चेहरा काऊन असा?" तिने विचारलं. उत्तर यायच्या आत ती बांधावर बसली आणि ओकू लागली.

पुंजाजीने तिला धरलं. महनूरने पट्टे सोडले, ओलं लुगडं अंगापासून दूर धरलं, विहिरीचं पाणी आणून तिचे हात, तोंड, मान धुतली. "मोताळ्याले न्या, लगेच. डॉक्टरले डबा दाखवजा."

"अन् तू?"

पुंजाजीच्या बांधापलीकडच्या वावरात पांढरी वाफ वर येत होती. त्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठाने, आणखी एक. वारा या बाजूलाच होता. पंप पाठीवर घेतलेला माणूस मोबाईल झाडाखाली ठेवतो, थांबायचा मेसेज त्याला दिसणार नाही, हे महनूरला ठाऊक होतं. तिने ओढणी नाकाला बांधली आणि हाका मारत कापसात शिरली.