मसाफीच्या अलीकडचे नऊ किलोमीटर

जानेवारीतल्या गुरुवारी पहाटे शारजातल्या आमच्या इमारतीखाली दत्ताराम सायकल घेऊन उभा होता. हँडलला पाण्याच्या बाटल्या लटकत होत्या आणि कॅरिअरवर चपात्यांचा डबा बांधलेला होता. दत्ताराम कुडाळचा. आमच्या कंपनीच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवतो, वरच्या मजल्यावर मी शिपिंगची कागदपत्रं बघतो. शेजारच्या अजमान शहरातून रोज सायकलनं कामाला येणारा तो एकटाच. माझ्या अठरा गिअरच्या नव्या सायकलीवर त्यानं एकदा नजर फिरवली.

"सायकल बरी दिसता, सायबानू. पण पाय तुमचेच लागतले."

निघालो ते माझ्या मुलाशी लावलेल्या पैजेमुळे. अमेय बारा वर्षांचा. मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं. शुक्रवारी आम्ही सांगलीला आईला फोन लावतो, तेव्हा "हाय आजी, फाइन, ओके" एवढं बोलून तो रिसीव्हर माझ्या हातात देतो. दोष त्याचा नाही. शाळेत मागे पडू नये म्हणून घरात इंग्रजीच बोलायचं, हा हुकूम माझा होता. पलीकडून आई "एवढंच बोलला?" म्हणाली की मला तो हुकूम आठवतो.

"फुजैरापर्यंत सायकलनं जाईन," मी एकदा जेवताना म्हणालो होतो. डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरचं ते शहर, शंभरावर किलोमीटर.

"नो चान्स, बाबा."

"आणि गेलो तर?"

"देन ओन्ली मराठी. फुल वन मन्थ." त्यानं हात पुढे केला. मी टाळी दिली.

शहर संपलं आणि मी पोरासारखा हरखून गेलो. गाडीच्या काचेतून वाळू पिवळी दिसते. सायकलवरून ती आधी भुरी, मग केशरी, आणि धैदच्या जवळ पार गेरूसारखी लाल झालेली दिसली. मधूनमधून घाफची झाडं (म्हणजे आपली शमीच) आणि त्यांच्या सावलीत रवंथ करणारे उंट. या देशात हमरस्त्यावर सायकल चालवणारा माणूस अडचणीतच असणार, अशी सगळ्यांची समजूत. दुपारपर्यंत तीन गाड्या थांबल्या. एका पठाण ट्रकवाल्यानं "पंचर है?" विचारलं आणि नाही म्हटल्यावरही बरोबरचा पंप दाखवला. एका अरब कुटुंबानं खिडकीतून संत्री दिली. त्यांची छोटी मुलगी आम्हाला बघून एवढी हसली की आम्हीही हसत सुटलो.

धैदला दत्तारामचा गाववाला गणपत एका शेतावर कामाला आहे. रात्री मुक्काम त्याच्याकडे. त्यानं बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला, शेतातले टोमॅटो चिरून दिले. "हौसेन सायकल चालवतत?" त्यानं दत्तारामला हळूच विचारलं. "गाडी आसा ना त्येंका?" 

शुक्रवारी सकाळी समोर हजर नावाचा पर्वत उभा राहिला. आपल्या सह्याद्रीसारखा नव्हे. अंगावर गवताचं पातं नाही, नुसता उघडा, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा दगड. रस्त्याच्या कडेनं वादी (पावसाच्या पाण्याचं कोरडं पात्र) वर जात होती. सिजी गाव मागे पडलं आणि खरा चढ लागला. घाटमाथ्यावरचं मसाफी गाव नऊ किलोमीटर, अशी पाटी होती. पहिल्या वळणावर माझे गिअर संपले, दुसऱ्या वळणावर दम. मी सायकल आडवी टाकून दगडावर बसलो. पोटऱ्यांत गोळे आले होते.

मागून एक जुनी पिकअप आली. हौद्यात चार शेळ्या. पांढऱ्या दाढीचा एक स्थानिक म्हातारा खाली उतरला.

"साइकिल क्यों? गाड़ी नहीं?"

"गाड़ी है, बाबा. घर पे है."

त्याला हे काही पटलं नाही. त्यानं माझी सायकल उचलली आणि शेळ्यांच्या मधे ठेवली. "यल्ला." म्हणजे चला.

मी दत्तारामकडे बघितलं. त्याच्या सायकलला गिअर नव्हते, तरी तो घामानं चमकत, पाय टेकून शांत उभा होता.

"बसा तुमी. मी येतंय मागसून," तो म्हणाला. मग पाण्याची बाटली माझ्या हातात देत, "मी कोणाक सांगूचंय नाय."

मी बसलो. खिडकीतून तो चढ बघताना मान खाली जात होती.

तासाभरानं दत्ताराम मसाफीच्या बाजारात पोचला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गालिचे, मातीची भांडी, डाळिंबांच्या राशी. मी त्याला चहा दिला. तो चहा पिऊन माझ्याच सायकलच्या टायरांची हवा बघायला लागला, आणि तेच मला जास्त लागलं.

पण उतार सुरू झाला आणि मी सगळं विसरलो. पॅडल न मारता वीस मिनिटं! कानात वारा, डोळ्यांत पाणी, खाली बिथना गावातल्या खजुरीच्या बागा, त्यांच्यातला मातीचा किल्ला, आणि मग दोन डोंगरांच्या फटीत निळी रेघ. समुद्र.

फुजैराच्या किनाऱ्यावर माझी पत्नी वीणा आणि अमेय गाडी घेऊन आले होते. अमेय धावत आला.

"ऑल द वे, बाबा?"

दत्ताराम वाकून सायकलची चेन बघायला लागला.

"सगळं," मी म्हणालो.

पोरानं शब्द पाळला. अडखळत, हिंदीची ठिगळं लावत, पण मराठीच. पहिल्या शुक्रवारी त्यानं स्वतः रिसीव्हर घेतला. "आजी, बाबानं पूर्ण डोंगर सायकलनं चढला." पलीकडे आई रडत होती की हसत, मला कळलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी त्यानं तेच पुन्हा सांगितलं, डोंगर आणखी उंच करून. तिसऱ्या शुक्रवारी फोनच्या आधी मी त्याला गच्चीवर नेलं आणि पिकअप, शेळ्या, सगळं सांगितलं.

तो कठड्यापासून मागे झाला. मग म्हणाला, "सो आय कॅन स्टॉप."

तीन आठवड्यांतलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. त्या दिवशी आजीला पुन्हा "हाय, फाइन, ओके" मिळालं.

पुढचा शुक्रवार उजाडायच्या आत मी सायकल गाडीच्या टपावर बांधली. दत्तारामही आला. अमेयला विचारलं नव्हतं. तो आपणहून मागच्या सीटवर येऊन बसला. सिजीच्या पाटीपाशी मी उतरलो. वीणा हळूहळू मागून गाडी चालवत होती. पाच वेळा थांबलो, दोनदा सायकल हातात धरून चाललो, चढताना चाकापुढचा तेवढाच रस्ता बघितला. सातव्या किलोमीटरला अपेक्षेप्रमाणे एक पिकअप थांबली. तरुण अरब ड्रायव्हरनं हौद्याकडे बोट केलं.

मी काही बोलायच्या आत अमेयनं आमच्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नको, नको! आज त्यांना स्वतः जायचं आहे."

त्या बिचाऱ्याला एक अक्षर कळलं नसणार. हात हलवून तो निघून गेला. दत्ताराम मागच्या सीटवर खो खो हसत होता.

संध्याकाळी घरी परतल्यावर सांगलीला फोन लावला. अमेयनं रिसीव्हर ओढून घेतला.

"आजी, बाबा आज खरंच चढले. आधी खोटं बोलले होते."

पलीकडून आईचा आवाज मलाही ऐकू आला. "तो लहानपणी पण पोहायला जातो म्हणून सांगून काठावर डोकं भिजवून यायचा."

"मग पुढे?" अमेयनं विचारलं आणि फोनजवळ मांडी घालून बसला.

मी शेजारी बसून पोटऱ्यांना तेल चोळत होतो. त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. माझी आणखी किती लबाडी बाहेर येते आहे, ते ऐकत राहिलो.